मदत हवी आहे: जेनस ग्रीनने तंतुकणिका वेगळ्या दिसत नाहीत

नाशिकला आठवीच्या मुलांना पेशीअंगके भिंगाखाली दाखवायची आहेत. मेथिलीन ब्लूने गालाच्या पेशीचं केंद्रक स्वच्छ दिसतं, तिथवर अडचण नाही. अडतंय ते तंतुकणिकांवर, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर.

त्यांच्यासाठी वापरला जेनस ग्रीन बी हा रंग, 0.02 टक्के, तोही 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात. जिवंत पेशींवर एक थेंब, 10 मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाच्या 100 पट मोठं दाखवणाऱ्या, तेलाचा थेंब घालून वापरायच्या (ऑइल) भिंगाखाली. तंतुकणिकेतली श्वसनाची विकरं हा रंग निळसर-हिरवा टिकवतात आणि बाकीच्या पेशीद्रव्यात तो रंगहीन होतो. इथे मात्र अख्खी पेशी एकसारखी निळी! म्हणजे पेशी मेलेली. गालाचा वरचा थर तसाही गळायला आलेला असतो, म्हणून पहिलं खरवडलेलं टाकून त्याच जागी टूथपिक पुन्हा हलकेच फिरवली. थोडा फरक पडला, पण उन्हाळ्यात कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) कडा लगेच सुकतात, क्षार वाढतात नि पेशी आकसते.

कडांना व्हॅसलीन लावावं का? रंग 0.01 टक्क्यावर आणावा का? की गालाऐवजी दुसऱ्या कुठल्या पेशी घ्याव्यात? शिवाय हा रंग नाशिकमध्ये सुटा, 1-2 ग्रॅम, कुठे मिळेल? पुस्तकातली आकृती मुलं रंगवतातच. खरी तंतुकणिका एकदा तरी त्यांना दिसायला हवी.