मदत हवी आहे: सॅन दिएगोचं टोरी पाइन्स, गुडघा आणि शुगर दोन्ही सांभाळून कोणती ट्रेल जमेल?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. उतराण झाली की आम्ही दोघं महिनाभर लेकीकडे सॅन दिएगोला जातोय. तिथे टोरी पाइन्स म्हणून राखीव जंगल आहे, कड्यावरून खाली सरळ पॅसिफिक दिसतो, आणि हिवाळ्यात ग्रे व्हेल मेक्सिकोकडे जाता-येताना नशीब असेल तर पाण्याचा फवारा दिसतो म्हणे. लेकीने फोटो पाठवल्यापासून ह्यांनी ध्यासच घेतलाय.

ह्यांचं वय ६७, उजव्या गुडघ्याची झीज, शुगर इन्सुलिनवर. कमाटी बागेत रोज दोन चकरा आरामात होतात. म्हणून प्रॅक्टिस करायला मागच्या महिन्यात पावागडला गेलो, रोपवे मुद्दाम घेतला नाही, माचीपासून पायऱ्यांनीच चढलो. चढणं छान झालं. वरून वडा तळाव दिसतं ना, ते बघत हे कितीतरी वेळ उभे होते, आपली विश्वामित्री ह्याच डुंगरातून निघते हे मला परत एकदा सांगून झालं. उतरताना मात्र गुडघा अडकला, माझ्या खांद्यावर हात ठेवून आडवे होऊन एकेक पायरी उतरत होते, घाम फुटला, मला वाटलं दुखण्याने, पण हात थरथरायला लागले तेव्हा मीटर लावलं तर ६२! पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की होती ती भरवली, कठड्याला टेकवून बसवलं, बऱ्याच वेळाने चेहऱ्यावर रंग आला. मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

आणि आता कळतंय की टोरी पाइन्सला वर खाणं न्यायचंच नाही, फक्त पाणी. मग ह्यांचं काय करायचं? आणि कमीत कमी उतार असलेली ट्रेल कोणती, कड्याला काही आडोसा आहे का? नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलंय, प्लीज कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १
काकू, मी पण बडोद्याचाच, तिथे चार वर्षं होतो. डोळे मिटून गाय फ्लेमिंग ट्रेल घ्या. साधारण एक किलोमीटरचा लूप, बराचसा सपाट, मध्ये थोड्या पायऱ्या, आणि समुद्र दोन ठिकाणांहून मस्त दिसतो. बीच ट्रेल नको, ती खाली वाळूपर्यंत उतरते आणि तेवढंच परत चढायचं. वरचं पार्किंग लवकर भरतं आणि खाली गाडी लावली की चढाचा डांबरी रस्ता चालावा लागतो, त्यातच काकांचा गुडघा संपेल, म्हणून शनि-रवि सोडून सकाळी लवकर जा. कडा ठिसूळ वाळूच्या दगडाचा आहे, कुंपण असो-नसो, फोटोसाठी वाट सोडायची नाही. आणि काकांना तिथल्या पाइनच्या सुया बघायला सांगा, एका जुडीत पाच असतात. हे झाड आपोआप उगवतं ते फक्त तिथे आणि सांता रोझा बेटावर.

प्रतिसाद २
ताई, आमच्याकडेही इन्सुलिन आहे म्हणून लिहिते. शुगर उतरली की चिक्की नको, शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर हळू चढते. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर, १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी परत मीटर. ह्या गोळ्या म्हणजे औषध, गेटवरच्या रेंजरला आधीच दाखवून सांगा. नास्ता खाली बीचवर करा, तिथे खायला चालतं. चढायच्या आधी शुगर बघा, आणि जायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, चालायच्या दिवशी डोस बदलायचा का ते. लेकीला पावागडचं सांगितलंत का?

धागाकर्ती
नाही सांगितलं, ती घाबरेल म्हणून. आज रात्री फोन करते, बरोबर चालणार ती आहे तर तिला माहीत हवंच. दोघांचे खूप आभार. दशम्या बीचवर खाऊ आणि मगच वर जाऊ. गाय फ्लेमिंगचं ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, एक किलोमीटर म्हणजे कमाटी बागेतली एक चकरसुद्धा नाही. पण त्या थोड्या पायऱ्यांसाठी काठी घ्यावीच म्हणते, दगड ठिसूळ आहे तर खाली रबराची टोपी लावलेली चालेल ना?