मदत हवी आहे: विंडोज ७ वरचं क्रोम फक्त लॅनपुरतं (ऑफिसातल्या नेटवर्कपुरतं) कसं बांधावं?

परळच्या ऑफिसात ४ मशीन विंडोज ७ वर आहेत. वजनकाट्याच्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोज १० वर चालत नाही, म्हणून अपग्रेड नको सुचवू. क्रोम ११० ला विंडोज १० लागतं, त्यामुळे १०९ वरच अडकलोय, आणि त्याला आता सुरक्षा अपडेट येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये निघालं तसं सुरक्षेचं भोक निघालं की नुसतं चित्र उघडणंही धोक्याचं.

इंटरनेटसाठी फायरफॉक्स ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) ११५ टाकलंय, पण काट्याचं पान क्रोमशिवाय उघडत नाही. क्रोमच्या पॉलिसीत यूआरएल ब्लॉकलिस्टला * (म्हणजे सगळं बंद) आणि अलाउलिस्टला काट्याच्या पानाचा पत्ता १९२.१६८.१.२० दिला, पण ही पॉलिसी फक्त पानं अडवते, पानात बाहेरून येणारी चित्रं-स्क्रिप्ट नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ब्लॉक रूल अलाउवर मात करतो, म्हणून सगळं ब्लॉक करून लॅन तेवढं अलाउ करता येत नाही. मग क्रोमच्या आउटबाउंड (बाहेर जाणाऱ्या) ब्लॉक रूलमध्ये १९२.१६८.१ ने सुरू होणारे लॅनचे पत्ते सोडून त्यांच्या आधीची आणि नंतरची अशा उरलेल्या २ रेंज द्यायच्या झाल्या, तर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, लांब पत्ते) साठी वेगळा रूल लागेल का?