सिंहगड चढतो, तरी क्रिटमध्ये मागे का?
वर विचारलंय, सायकलवर न थांबता सिंहगड चढणारा माणूस क्रिटमध्ये, म्हणजे छोट्या मार्गावर फेऱ्या मारायच्या सायकल शर्यतीत, सपाट किलोमीटरभराच्या फेऱ्यांत मागे कसा पडतो? अहो, माझंच झालंय ते! कॅलिफोर्नियात पहिल्या क्रिटला बारा मिनिटांत बाहेर. फिटनेस होता, पण उभा होतो सगळ्यांच्या मागे. पुढचे सायकलवाले वळण घेताना जरासे ब्रेक दाबतात, मागे येईपर्यंत त्याची कचकचून दाबादाबी होते, आणि वळण संपलं की पुन्हा उभं राहून स्प्रिंट. एका फेरीत चार वळणं, म्हणजे चार स्प्रिंट. पुढचे दहाजण मात्र निवांत. पुढच्या वेळी अर्धा तास आधी जाऊन पहिली रांग धरली, शेवटपर्यंत टिकलो. हुरूप एवढा वाढला की तिसऱ्या शर्यतीत वळणावरच पेडल मारत राहिलो. आतलं पेडल रस्त्याला टेकलं, मी आडवा. कोपर सोललं, डिरेल्यर हँगर (मागची गिअर-यंत्रणा जिथे अडकवतात तो तुकडा) वाकला, बायकोची बोलणी वेगळीच.
मधेच बक्षिसाच्या फेरीची (त्या एका फेरीत पहिला येईल त्याला बक्षीस) घंटा वाजते, तिला मात्र भुलू नका. दोन इनर ट्यूबांसाठी मी पाय जाळलेत आणि शेवटच्या फेरीला नुसता बघत राहिलोय. (ट्यूबा अजून वापरतोय.)