‘रद्द करणे’ की ‘रद्दबातल ठरवणे’?

प्रश्न : अमेरिकेच्या इतिहासावरचा एक उतारा मराठीत आणते आहे. साउथ कॅरोलिनाने १८३२ मध्ये केंद्राच्या आयातशुल्काविरुद्ध जे ‘नलिफिकेशन’ केले, त्याला मी ‘रद्दीकरण’ लिहिले. वाचताना खटकते आहे. दुसरा शब्द सुचेल का?

— खटकायलाच हवे. कायदा रद्द करायचा तर तो ज्याने केला त्याने, नाहीतर न्यायालयाने. साउथ कॅरोलिना यांपैकी कोणीच नव्हते. २४ नोव्हेंबर १८३२ ला कोलंबिया शहरात भरलेल्या राज्याच्या परिषदेने १८२८ आणि १८३२ चे शुल्काचे कायदे आपल्या राज्यापुरते अवैध जाहीर केले. १ फेब्रुवारीपासून राज्यात वसुली बंद. बॉस्टन, न्यूयॉर्कच्या बंदरांत तेच शुल्क चालू राहणार होते. मूळ ठरावात ‘नल, व्हॉइड अँड नो लॉ’ अशी तिपेडी शब्दरचना आहे. आपल्याकडे ‘रद्दबातल’ आयता आहे : रद्द आणि बातल, दोन्ही अरबीतून आलेले, जोडीने ठासून सांगणारे. फक्त क्रियापद जपून निवडा. ‘रद्दबातल केला’ म्हटले की तसा अधिकार होता हे आपणच कबूल करतो. ‘रद्दबातल ठरवला’ म्हटले की तो दावा ठरवणाऱ्याचाच राहतो. साउथ कॅरोलिनाचा पुढारी कॅल्हून याचे म्हणणे, राज्यांनी करार करून संघ घडवला, तेव्हा हा अधिकार राज्याचाच. अध्यक्ष जॅक्सनला ते मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या वादाचा निकाल तुमच्या क्रियापदाने लागू नये.

— शुल्काला ‘जकात’ चालेल का? माल जहाजाने चार्ल्सटनला उतरायचा, बंदरावरच वसुली.

— जुन्या मराठीत चालले असते. आता जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आणि ट्रकांची रांग दिसते. ‘आयातशुल्क’च ठेवा. ‘स्टेट’ला ‘संस्थान’ही नको, राजेरजवाडे आठवतात.

— माझी एक भर. कॅल्हूनने १८३० मध्ये एका पत्रात लिहिले की शुल्क हे निमित्त आहे, खरे कारण नव्हे. ‘निमित्त’ इथे चपखल बसतो. खरे कारण म्हणून तो दक्षिणेच्या ‘खास’ व्यवस्थेकडे बोट दाखवतो, म्हणजे गुलामगिरीकडे. नुसते ‘राज्यांचे हक्क’ लिहून थांबलात तर ती राबणारी माणसे मजकुरातून पुसली जातात. मला ते फार लागते.

— ‘ठरवला’ला आणखी एक आधार. मार्च १८३३ मध्ये शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवणारी तडजोड झाली, सोबत बळाने वसुलीची मुभा देणारा कायदाही आला. परिषदेने शुल्कावरचा ठराव मागे घेतला आणि हा नवा कायदा रद्दबातल ठरवला. कायदा होता तिथेच राहिला.