ऑफ-रोड ट्रायथलॉनची तयारी गावातच होईल का?

धानपट्टा_गोंदिया
नमस्कार मंडळी, मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. डिसेंबरात ऑफ-रोड ट्रायथलॉनला नाव दिलं आहे, दीड किमी तलावात पोहणं, मग ३० किमी डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं एमटीबी (माउंटन बाइक) आणि शेवटी १० किमी ट्रेल रन. पोहणं मामा तलावातच (जुन्या मालगुजारी तलावात) शिकलो, पाण्याची भीती नाही. धावणं पोलीस भरतीच्या पोरांसोबत रोज होते. अडचण सायकलची, पांदण रस्त्यानं चालवून राहिलो पण सारखं पंक्चर, आणि पोहून निघालं की पाय असे जड होतात की पेडल मारवत नाही. इथं ना कोच ना पूल. कोणी केली असेल तर सांगा जी.

मुरूमवाट
भाऊ, पंक्चर बाभळीच्या काट्यानं होत असेल. टायर ट्यूबलेस (बिनट्यूबचं) करून आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा चिकट द्रव, टाक. काटा उपटला की भोक खाली येईल असं चाक फिरव, सीलंट तिथंच जमते. आणि हवा खच्चून भरू नको, मुरमावर चाक उडते न मग. ट्यूब असताना मात्र लय कमी नको, दगडावर आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते. चढ नाही निघाला तर बिनधास्त उतरून ढकल, शर्यतीत चालते ते.

साकोलीची_ताई
आपल्या भागातून कोणी जाऊन राहिलं हे वाचून खरंच छान वाटलं रे! कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांत पोहायला शिकलेली पोरं यात मागे राहूच नयेत.
पाय जड होतात कारण पोहताना सारं काम हात-खांद्यांचं असते आणि तू एकदम उभा राहतो. काठ जवळ आला की पाय जोरात मार, आणि पहिले एक-दोन किमी हलक्या गिअरवरच चालव. आठवड्यातून एकदा तलावातून निघून ओल्या कपड्यानिशी तडक सायकलवर बस, दुसऱ्या दिवशी सायकलवरून उतरून लगेच धाव. याला ब्रिक म्हणतात आणि याच्याशिवाय बाकी सगळी मेहनत अर्धीच कामी येते.
तलावात पूलसारखी तळाला रेघ नसते, म्हणून दर सात-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढ आणि समोरचं एखादं उंच झाड धरून पोह. शिंगाड्याच्या वेलाकडे जाऊ नको, पाय गुंततात. जाळी कुठं टाकली ते ढिवर (मासेमार) भाऊंना विचारूनच उतर, आणि एकटा तर कधीच नाही.

मुरूमवाट
ताईचं बरोबर. आणखी एक, शर्यतीत सायकल स्टँडवरून काढायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, नाहीतर पेनल्टी. अन् दिवस चांगला वर आल्याशिवाय जंगलकाठी सायकल काढू नको, नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल आहे बाप्पा, वाघ-अस्वल दोन्ही.

धानपट्टा_गोंदिया
लय आभार दोघांचे. उद्यापासूनच ब्रिक सुरू करतो, लहान भाऊ डोंगा घेऊन सोबत राहील. सीलंट गोंदियात भेटते का?

मुरूमवाट
ऑनलाइन मागव. पण आधी रिम ट्यूबलेसची आहे का ते पाह्य, आणि रिम टेप अन् व्हॉल्व्ह सोबतच घे.