मदत हवी आहे: शेत वाचवण्यासाठी वाढीव ओपन स्पेस टॅक्स. नोव्हेंबरात हो म्हणू की नाही?

मागचंअंगण:

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही मध्य न्यू जर्सीत बारा वर्षं राहतोय. आमच्या घरांच्या रांगेमागे साधारण ६० एकरांचं गवताचं शेत आहे. मे-जूनमध्ये तिथे बोबोलिंक येतात, काळेपांढरे, अखंड बडबडे पक्षी. मालक आजोबा थकलेत, मुलांना शेतीत रस नाही आणि बिल्डर घिरट्या घालतोय. टाऊनशिपला, म्हणजे आमच्या गावच्या स्थानिक सरकारला, ती जमीन विकत घ्यायची आहे. त्यासाठी आमचा ओपन स्पेस टॅक्स (मोकळ्या जमिनी राखण्यासाठी घरपट्टीबरोबर घेतला जाणारा कर) शंभर डॉलर मूल्यांकनामागे २ सेंटवरून ४ सेंट करायचा का, हा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आहे.

आमच्या घराचं मूल्यांकन ६ लाख. म्हणजे वर्षाला १२० डॉलर जास्त. एवढ्याने काही आम्ही भिकेला लागणार नाही, पण आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रणकंदन चाललंय. अर्धे म्हणतात, घरपट्टी आधीच दहा हजारांवर गेलीय, वर आता गवताला पण पैसे? उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, घ्याच ती जमीन, नाहीतर अपार्टमेंट येतील आणि मग "कसले कसले लोक" येतील. हे वाचून मला जास्त त्रास झाला. आपण राहतो ती घरंसुद्धा कुणाच्या तरी मक्याच्या शेतावर बांधलेली आहेत, आणि तेव्हा आपल्याबद्दलही कुणी हेच बोललं असणार.

पत्रकात लिहिलंय की निम्मे पैसे राज्य देईल, पाव काउंटी देईल, पाव आपण. हे खरंच होतं का, की टॅक्स वाढून बसतो आणि राज्य हात वर करतं? आणि उद्या नवा मेयर आला आणि त्याने तीच जमीन विकली तर? रविवारी ग्रुपवर मला यावर बोलायला सांगितलंय, कारण "तू मीटिंगांना जातेस ना". मी एकदा गेले होते. तेही कचऱ्याच्या डब्यांसाठी.

पिंपळपान:

दुसऱ्या काउंटीत आमच्या गावच्या ओपन स्पेस कमिटीवर सहा वर्षं होतो, त्यामुळे थोडं लांबेल.

पन्नास टक्के ही थाप नाही. राज्याची ग्रीन एकर्स योजना १९६१पासून चालू आहे. ज्या गावाने स्वतः ओपन स्पेस टॅक्स लावलाय आणि आराखडा करून मंजूर करून घेतलाय, त्याला जमीन खरेदीसाठी निम्म्यापर्यंत अनुदान मिळू शकतं. टॅक्स नसलेल्या गावाला सहसा यापेक्षा कमी मिळतं. थोडक्यात, तुमचे दोन सेंट ही राज्याच्या दारातली आत जायची पावती आहे. काउंटीचं म्हणाल तर राज्यातल्या एकवीसच्या एकवीस काउंट्यांचा असा टॅक्स आहे, दोनशेहून जास्त गावांचाही आहे. राज्याकडे पैसा कुठून, असं कुणीतरी विचारेलच. २०१४ साली मतदारांनीच कॉर्पोरेशन टॅक्सचा एक हिस्सा या कामासाठी बांधून घेतलाय.

पण मेख आहे ती किमतीत. राज्य तुमच्या सौद्याच्या किमतीवर डोळे मिटून पैसे देत नाही. स्वतंत्र अप्रेझल (जमिनीच्या किमतीची तपासणी) होतात, राज्याचा तपासनीस ती बघून एक किंमत प्रमाणित करतो, आणि प्रमाणित किंमत व प्रत्यक्ष सौदा यांत जी कमी असेल तिच्यावर अनुदान ठरतं. समजा प्रमाणित किंमत २४ लाख आली आणि आजोबा २९वर अडून बसले. राज्य १२ देईल. काउंटीनेही तोच आकडा धरला तर ती ६ देईल, आणि गावाचे ६ होतील ११. मधले ५ लाख पूर्ण तुमच्या खिशातून. पत्रकावरचं "पाव" तिथेच मोडतं. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा: प्रमाणित किंमत आली का, आणि मालक तिला तयार आहे का?

विकण्याची भीती मात्र सोडा. ग्रीन एकर्सचा पैसा घेतला की ती जमीन राज्याच्या यादीत चढते. फक्त तीच नाही, त्या वेळी गावाच्या ताब्यात असलेली सगळी बागा-मैदानंसुद्धा. नंतर दुसऱ्या कामाला वापरायची तर पर्यावरण खात्याचे आयुक्त आणि स्टेट हाउस कमिशन, दोघांची मंजुरी लागते, वर बदली जमीन किंवा भरपाई द्यावी लागते. आमच्याकडे एका मैदानाच्या कोपऱ्यात अग्निशमन केंद्र बांधायचं होतं, ते या नियमापायी वर्षानुवर्षं लटकलं. मेयरला हा नियम आवडत नाही, यातच काय ते समजा.

अजून एक. टाऊनशिप जमीनच घेतेय, की फक्त विकासाचे हक्क? शेती संवर्धनाच्या योजनेत शेतकरी मालकच राहतो, फक्त घरं बांधायचा हक्क विकतो. त्यात राज्याचा वाटा अनेकदा ६० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे स्वस्त पडतं. पण मग तुम्हाला तिथे फिरायला जाता येणार नाही, ते खाजगी शेतच राहतं. ग्रुपवर "मुलांना ट्रेल मिळेल" म्हणण्याआधी एवढं विचारून घ्या.

तिरकस:

पिंपळपान, हिशेब उत्तम. पण ताईंनी लिहिलेल्या "कसले कसले लोक" या मुद्द्याला तुम्ही शिताफीने बगल दिलीत.

माउंट लॉरेल निकाल १९७५ आणि १९८३चे. राज्यातल्या प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायचा, असं न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं. तेव्हापासून ती घरं टाळायला अनेक गावांना एकाएकी फुलपाखरांचं प्रेम उफाळून येतं. २०२४च्या कायद्याने २०२५पासून पुढच्या दहा वर्षांसाठी अशा घरांचे नवे आकडे लागू झालेत. तुमच्या गावाला हे शेत नेमकं आत्ताच का आठवलं, बघा जरा.

टेकडीवाली:

पुण्यात बीडीपीचं (टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचं) उलट झालंय. टेकड्यांवर आरक्षण टाकलं, मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) ठरवला, जमीनमालक म्हणतात परवडत नाही. रोख पैसे कुणी द्यायचे, राज्याने की महापालिकेने, यावर घोडं अडलेलं, आणि टेकडीवर पत्र्याच्या शेड उगवतात. तुमच्याकडे निदान मतपत्रिकेवर तरी विचारतात!

मागचंअंगण:

अपडेट. काल सुनावणीला जाऊन आले. तीन मिनिटं देतात, माझी दोन कागद शोधण्यात गेली.

प्रमाणित किंमत अजून आलेली नाही. आकडा न येताच पत्रक छापलंय! जमीन पूर्ण विकत घेणार आहेत, हक्क नाही, म्हणजे ट्रेल होईल. तिरकस यांचा प्रश्न मी जरा मऊ करून विचारला, तर सभागृहात शांतता. मग गावचे इंजिनिअर म्हणाले, सीवर लाइन रस्त्याकडच्या दहा-बारा एकरांपर्यंतच पोचते. म्हणजे दाट घरं झाली तर तिथेच होणार. बोबोलिंक असतात ते मागच्या बाजूला, ओढ्याकडे.

मग मी म्हटलं, मागचे ४८ राखा आणि पुढचे १२ परवडणाऱ्या घरांसाठी ठेवा ना. टाळ्या दोन. एक माझ्या नवऱ्याची. (तो मुळात टॅक्सच्या विरोधात आहे.)

पिंपळपान, अशी वाटणी केली तर राज्याचा अर्ज बाद होतो का?

पिंपळपान:

बाद होत नाही, पण क्रम चुकला तर फसेल. सर्व्हे करून जमीन आधी वेगळी करायची आणि अर्ज फक्त ४८ एकरांचा करायचा. ग्रीन एकर्सचा एक डॉलरही त्या १२ एकरांना लागता कामा नये, एकदा यादीत चढले की तिथे घर होणं विसरा. त्या तुकड्याचा पैसा गावाने वेगळा उभा करायचा, किंवा बिल्डरलाच ते १२ घेऊ द्यायचे. अप्रेझलही नव्याने लागेल, कारण रस्त्याकडची बाजू गेल्यावर मागच्याचा एकरी भाव उतरतो. आजोबांना हे आधीच कुणीतरी शांतपणे समजावून सांगा. आणि सर्व्हेची मागणी क्लार्ककडे लेखी द्या, सुनावणीत नुसतं बोललेलं कुणी धरून ठेवत नाही.