तातडीची मदत हवी आहे : जुन्या गिब्सन ज्युनिअर गिटारवरचा काळा रंग काढावा की ठेवावा?

अनघा_एडिसन | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार. गेल्या आठवड्यात इथे अमेरिकेत माझ्याकडे गिब्सन कंपनीची एक जुनी लेस पॉल ज्युनिअर ही इलेक्ट्रिक गिटार आली आहे. तिला वरून काळा रंग दिलेला आहे आणि तो इतका उडाला आहे, की उजवे कोपर टेकते तिथे तळहाताएवढे उघडे लाकूड दिसते. इथल्या एका कारागिराने हा रंग पूर्ण उतरवून तिला मूळचा चेरी रंग देण्याचे ९०० डॉलर सांगितले आहेत. डिसेंबरच्या आधी त्याच्याकडे एवढी एकच वेळ मोकळी असून शुक्रवारी सकाळपर्यंत मला होकार किंवा नकार कळवायचा आहे. रंग काढावा की ठेवावा, एवढेच मला विचारायचे आहे. ज्यांनी असे काम स्वतः करून घेतले आहे, त्यांनी कृपया लवकर लिहावे. आधीचे मालक पंक रॉक (सत्तरच्या दशकातले वेगवान, उद्दाम रॉक संगीत) वाजवत असत आणि त्यामुळेच गिटारचे असे हाल झाले, असे कारागिराचे म्हणणे आहे.

तारषड्ज | मंगळवार, रात्री ९.४८

अनघाताई, एवढ्या माहितीवर कोणालाही जबाबदारीने उत्तर देता येणार नाही. पहिले म्हणजे, ही नक्की गिब्सनच आहे ना? कोलकात्याच्या गिवसन गिटारही आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत आणि नावातल्या एका अक्षरामुळे लोकांची गफलत झालेली मी पाहिली आहे. गिब्सन असेल, तर कोणत्या सालची? ज्युनिअर १९५४ साली आली तेव्हा तिच्या बॉडीला नेकजवळ एकाच बाजूला खाच होती, १९५८ मध्ये दोन्ही बाजूंना खाच आली आणि १९६१ मध्ये तिने गिब्सनच्याच एसजी गिटारचा शिंगांसारखा पातळ आकार घेतला. तुमची यांपैकी कोणती? रंग कोणी दिला, कधी दिला? हेडस्टॉकच्या, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागे क्रमांक दिसतो का? नेक, म्हणजे गिटारची मान, कधी मोडली होती का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही गिटार तुम्हाला विकायची आहे, वाजवायची आहे, की कोणाला द्यायची आहे?

मंद्रपंचम | मंगळवार, रात्री १०.२०

माझे मत स्पष्ट आहे. रंग अवश्य काढावा. एकाच महोगनीच्या फळीतून कापलेली बॉडी, तारांचे कंपन विजेत बदलणारा एकच पिकअप आणि दोन बटणे, एवढ्या साधेपणातून केवढा भरदार स्वर निघतो हे ऐकायचे असेल, तर माउंटन या बँडच्या लेस्ली वेस्टला ऐका. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात त्याच्या हातात ज्युनिअरच होती. एरिक क्लॅप्टन, वेस्ट या पिढीने गिटारला गाते केले आणि पुढच्या पाच-सात वर्षांत पंकवाल्यांनी तिला आदळण्याची वस्तू केले. तीन कॉर्डपलीकडे ज्यांना जायचे नव्हते, त्यांनी चांगल्या वाद्यांवर हाताला येईल तो रंग फासला. मी चाळीस वर्षे गिटार वाजवत आणि शिकवत आलो आहे. वाद्याला त्याचे मूळ रूप परत मिळवून देणे हे मी कर्तव्य समजतो.

साउथॉल_७५ | बुधवार, पहाटे ४.०५

मंद्रपंचम, आपल्या व्यासंगाबद्दल मला आदर आहे, पण हे विधान मला मान्य नाही. ज्युनिअर ही मुळातच शिकणाऱ्या मुलांसाठी काढलेली स्वस्त गिटार होती आणि सत्तरच्या दशकात जुन्या ज्युनिअर थोडक्या पैशांत मिळत, म्हणून न्यूयॉर्क डॉल्स या बँडचा जॉनी थंडर्स आणि क्लॅश या पंक बँडचा मिक जोन्स यांच्या हाती त्या आल्या. रमोन्स या पंक बँडच्या जॉनी रमोनने १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या मॅनीज या दुकानातून आपली मॉसराइट गिटार घेतली, तीही पन्नास डॉलरच्या आसपास. आज ज्यांना आपण मौल्यवान म्हणतो, त्या गिटार त्या मुलांनी वाजवल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हते.

तीन कॉर्डचे म्हणाल, तर रमोनसारखे सगळे फटके केवळ खालच्या दिशेने, त्या वेगात, तासभर मारून पाहा. मनगट दुसऱ्याच मिनिटाला जड होते. आणि रमोन्स वाजवत त्याच, न्यूयॉर्कच्या बॉवरी भागातल्या सीबीजीबी क्लबमध्ये टेलिव्हिजन हा बँडही वाजवत होता, ज्याच्या १९७७ च्या तबकडीवरचे शीर्षकगीत जवळपास दहा मिनिटांचे आहे आणि दोन गिटारींच्या संवादावर उभे आहे.

ओहम_नाशिक | बुधवार, सकाळी ७.३०

कृपया एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अँप भारतात थेट २३० व्होल्टवर कधीही लावू नये, कारण क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो. व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि अँपच्या मागे लिहिलेल्या वॅटपेक्षा तो दीडपट क्षमतेचा असावा. ज्युनिअरवरचा पी-९० हा एका गुंडाळीचा पिकअप असल्याने त्यात विजेची घरघर येतेच. तिथे ती ६० हर्ट्झची, इथे ५० हर्ट्झची. घरातले अर्थिंग नीट तपासून घ्यावे, म्हणजे निदान त्यात भर पडणार नाही.

अनघा_एडिसन | बुधवार, सकाळी ८.१५

मी अँपबद्दल काहीही विचारलेले नाही आणि पंकबद्दलही नाही. माझ्याकडे जेमतेम दोन दिवस आहेत. गिब्सनच आहे, दोन्ही बाजूंना खाच आहे, हेडस्टॉकवर पुढे सोनेरी नाव आहे. नेकचा आणि हेडस्टॉकचा मागचा भागही काळा रंगवलेला असल्याने क्रमांक दिसत नाही. रंग मालकांनी स्वतः दिला. ते आमच्या शेजारी राहतात, आता मुलीकडे कायमचे राहायला चालले आहेत, म्हणून त्यांनी मला ही गिटार दिली. विकायची नाही. माझ्या दादाला त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला द्यायची आहे. दादा पुण्यात असतो, त्यामुळे ओहम यांची सूचना पुढे उपयोगी पडेल, त्याबद्दल आभार.

तारषड्ज | बुधवार, सकाळी ९.००

यातल्या दोन गोष्टी पहिल्याच संदेशात यायला हव्या होत्या. गिटार पुण्याला जाणार आहे, ही एक. हेडस्टॉकच्या मागेही रंग आहे, ही दुसरी.

दुसरीबद्दल आधी लिहितो. गिब्सनची नेक महोगनीची असते, हेडस्टॉक १७ अंशांत मागे कललेला असतो आणि नेकमधली सळई घट्ट करण्यासाठी नेमके त्याच जागी लाकूड कोरलेले असते. गिटार उभी ठेवलेली असताना पाठीवर पडली, तरी तिथे तडा जातो. असा तडा चिकटवल्यावर तो झाकण्यासाठी मागच्या बाजूला गडद रंग देण्याची पद्धत फार जुनी आहे. तुम्ही असे करा. खोलीत अंधार करून हेडस्टॉकच्या मागच्या भागावर अतिनील टॉर्च धरा आणि मग सळईच्या झाकणीच्या मागची जागा नखाने आडवी चाचपा. कंगोरा लागला तर तो रंगाखालचा जोड समजावा.

सालाबद्दल सांगायचे तर, १९५३ ते १९६१ च्या दरम्यान अशा गिटारवर क्रमांक शाईने उमटवत असत. रंग देण्यापूर्वी घासकाम झाले असेल, तर तो कायमचा गेला. मागची प्लास्टिकची झाकणी स्क्रू काढून उघडा आणि दोन्ही पॉटच्या, म्हणजे बटणांखालच्या विजेच्या भागांच्या, पाठीवर कोरलेले आकडे इथे लिहा. आतले लाकूड कोणत्या रंगाचे आहे तेही सांगा. तिथल्या तारांच्या जोडांना हात लावू नका, त्यांवरचे जुने सोल्डर मूळचे असेल तर त्यालाही किंमत आहे.

अनघा_एडिसन | बुधवार, रात्री ८.४०

झाकणी उघडली. आतून जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखा वास आला. खोबणीच्या कडेला काळ्याखाली लालसर चेरी रंगाची रेघ स्पष्ट दिसते आहे. एका पॉटवर १३४९२१ आणि दुसऱ्यावर १३४९१८ असे आकडे आहेत. हेडस्टॉकच्या मागे नखाला कंगोरा लागतो, सुमारे दोन इंच लांब आणि तिरका. कारागिराने मला हे सांगितले नव्हते. आता काय करायचे?

तारषड्ज | बुधवार, रात्री ९.२५

१३४ हा सेंट्रलॅब या कंपनीचा संकेतांक, पुढचा ९ म्हणजे १९५९ आणि शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. तुमचे पॉट १९५९ च्या अठराव्या आणि एकविसाव्या आठवड्यात बनले आहेत. तेव्हा गिटार कालामाझूच्या कारखान्यातून त्या वर्षीच्या उन्हाळ्यात किंवा त्यानंतर बाहेर पडली, असे मानायला हरकत नाही.

आता रंगाबद्दल. जुन्या गिटारच्या व्यवहारात असा ठोकताळा आहे, की मूळ रंग गेला की किंमत साधारण निम्मी होते आणि हेडस्टॉक मोडून जोडला असेल तर आणखी खाली येते. हे नुकसान झालेले आहे. आज ९०० डॉलर खर्च करून दिलेला चेरी रंग हा १९५९ चा चेरी नव्हे, तो दुसऱ्यांदा दिलेला रंगच राहील. शिवाय रंग उतरवताना सँडपेपर लागतो, कडा गोल होतात आणि त्या जोडाजवळचे लाकूड आणखी पातळ होते. मी स्वतः गिब्सनच्याच १९६६ च्या एका मेलडी मेकर गिटारवर हे काम करून घेतले होते आणि आजही तिच्याकडे पाहताना मला वाईट वाटते. रंग ठेवावा.

शिसवीची_सावली | बुधवार, रात्री १०.१०

पुण्याचा उल्लेख वाचून लिहिते आहे. त्या काळातल्या गिब्सनच्या फ्रेटबोर्डला, म्हणजे तारा बोटांनी दाबायच्या पट्टीला, ब्राझिलियन रोझवूड वापरलेले असते. हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातले, पण १९९२ पासून ते दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली आहे. गिटार देशाबाहेर न्यायची असेल तर यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून आधी कागदपत्रे घ्यावी लागतात आणि त्यासाठी वाद्य किती जुने आहे याचा पुरावा लागतो. विमानतळावर जाऊन हे काम होत नाही. वाद्य जप्त होऊ शकते.

मंद्रपंचम | बुधवार, रात्री १०.३५

माझ्या माहितीप्रमाणे २०१९ मध्ये वाद्यांना सूट मिळालेली आहे, त्यामुळे अनघाताईंनी विनाकारण घाबरू नये.

शिसवीची_सावली | बुधवार, रात्री १०.५०

ती सूट २०१७ साली परिशिष्ट २ मध्ये आलेल्या रोझवूडच्या इतर जातींपासून बनवलेल्या तयार वाद्यांना आहे, ज्यात भारतीय शिसवीही येते. ब्राझिलियन रोझवूडला ती लागू नाही. हा फरक लक्षात न घेतल्याने अनेकांची वाद्ये अडकतात, म्हणून मी आग्रहाने लिहिते आहे. गिटार न्यायची घाई करू नका.

मंद्रपंचम | बुधवार, रात्री ११.१५

दुरुस्ती मान्य आहे, आभार. जोडाजवळचे लाकूड पातळ होण्याचा मुद्दाही मला पटतो, आणि त्या एका कारणासाठी रंग काढू नये, असे मीही आता म्हणतो. मात्र पंकबद्दलचे मत मी बदलणार नाही. स्वर लावण्याआधीच ज्याला ओरडायचे आहे, त्याला मी संगीतकार कसे म्हणू?

साउथॉल_७५ | गुरुवार, पहाटे ४.२०

आपण क्लॅप्टन यांचे नाव घेतलेत म्हणून लिहितो, आणि मग या विषयावर थांबतो. मी १९७५ साली सोलापूरहून लंडनला आलो. जून १९७६ मध्ये लंडनच्या आमच्या साउथॉल भागात गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा रस्त्यावर खून झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून क्लॅप्टन यांनी परदेशी लोकांविरुद्ध जे उद्गार काढले, त्यांच्या निषेधातून रॉक अगेन्स्ट रेसिझम ही वंशद्वेषाविरुद्धची चळवळ उभी राहिली. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी माफी मागितली, हेही खरे. पण त्या वेळी आमच्या बाजूने रस्त्यावर कोण उतरले? ३० एप्रिल १९७८ ला ट्राफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारोंच्या गर्दीत मीही चालत गेलो. माझ्या शेजारी साबणाने केस ताठ केलेला एक गोरा मुलगा होता आणि त्याने सबंध रस्ता माझ्या धाकट्या भावाला खांद्यावर घेतले होते. पार्कात क्लॅशने वाजवले. स्वर चांगला लागला होता की नाही ते मला आठवत नाही. त्या दिवसानंतर घराबाहेर पडताना माझी छाती धडधडणे कमी झाले, हे मात्र आठवते. त्यांच्या गिटारींवर कोणता रंग होता याने मला फरक पडत नाही, पण तो खरवडून काढावा असे मला कधीच वाटणार नाही.

मंद्रपंचम | गुरुवार, सकाळी ७.००

हे मला माहीत नव्हते. आपण लिहिलेत, बरे केलेत.

अनघा_एडिसन | गुरुवार, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. सुरुवातीला मी चिडून लिहिले, त्याबद्दल क्षमस्व.

आज दुपारी मी शेजारच्या आजोबांना थेट विचारले. १९७८ मध्ये बॉवरीवरच्या एका कार्यक्रमानंतर गिटार मंचावरून पाठीवर पडली आणि हेडस्टॉक तुटून तारांना लोंबत राहिला. त्यांनी आणि त्यांच्या ड्रमवाल्याने तो सुताराच्या सरसाने चिकटवला, रात्रभर क्लॅम्पमध्ये धरला आणि जोड दिसू नये म्हणून मोटारीच्या दुकानातला काळा स्प्रे आईच्या गॅरेजमध्ये मारला. जोडाचा प्रश्न विचारताच त्यांनी गिटार उलटी करून त्यावर अंगठा ठेवला, न बघता, नेमका त्याच जागी. कोपराजवळचा रंग त्यांच्या हातानेच, शेहेचाळीस वर्षांत, झिजला आहे.

दादाला अचानक भेट द्यायची होती, पण परवान्याच्या गोष्टीमुळे त्याला सांगावे लागले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि रंगाला हात लावू नकोस म्हणाला. तो मे महिन्यात इथे येणार आहे. तोपर्यंत मी परवान्याचा अर्ज करते, आजोबांनी खरेदीची जुनी पावती शोधून द्यायचे कबूल केले आहे. कारागिराला रंगाचे काम नको म्हणून कळवले. त्याच वेळेत जोड तपासून घ्यायचा आणि फ्रेटबोर्डवरच्या झिजलेल्या पहिल्या तीन फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बदलायच्या, असे ठरले आहे. उद्या सकाळी नऊ वाजता गिटार घेऊन जाते.